आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड सोडल्यानंतर त्याचा गायक ब्रूस डिकिन्सन याने काढलेले सोलो अल्बम खरंच ऐकण्यासारखे आहेत का? असल्यास सुरुवात कुठून करावी?

ऐकण्यासारखे आहेतच. तुम्ही फक्त चुकीच्या दारातून आत शिरलात. प्रश्नासोबत तुम्ही लिहिलं आहे की क्रमाने जावं म्हणून आधी 'टॅटूड मिलियनेअर' लावला, निम्म्यात कंटाळलात आणि मेडन वजा केलं की या माणसात काही उरत नाही असं ठरवून मोकळे झालात. तो अल्बम ऐकून दुसरं काही वाटणं कठीणच आहे. पण तो बँड सोडल्यानंतरचा अल्बम नव्हेच. तो निघाला १९९० साली, आणि डिकिन्सन बाहेर पडला १९९३ मध्ये.

थेट उत्तर हवं असेल तर 'द केमिकल वेडिंग', १९९८. तो लावा आणि शेजारी घरी नसताना लावा. ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचावं, कारण तिथवर पोचायला डिकिन्सनला बरंच भटकावं लागलं आणि ती भटकंती ठाऊक असली की मधले अल्बम कसे ऐकायचे ते कळतं.

'टॅटूड मिलियनेअर'चा निकाल आधी लावून टाकू. १९८९ मध्ये 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' या भयपटमालिकेच्या पाचव्या भागासाठी डिकिन्सनकडे एक गाणं मागण्यात आलं. त्याने जॅनिक गर्स या गिटारवाल्या मित्राला हाताशी धरलं आणि 'ब्रिंग युअर डॉटर टू द स्लॉटर' करून दिलं. रेकॉर्ड कंपनी खूश झाली, आता अख्खा अल्बमच काढ म्हणाली आणि दोघांनी तो उरकला. उरकला हाच शब्द बरोबर आहे. साधं हार्ड रॉक, थोडी टवाळी, मॉट द हूपल या जुन्या बँडच्या 'ऑल द यंग ड्यूड्स'ची स्वतःच्या ढंगात म्हटलेली आवृत्ती. मेडनच्या सुट्टीत केलेलं काम, आणि ते तसंच ऐकू येतं.

खरी गंमत पुढे झाली. चित्रपटासाठीचं ते गाणं मेडनचा म्होरक्या स्टीव्ह हॅरिसने ऐकलं आणि हे मेडनलाच हवं म्हणून मागून घेतलं. त्यामुळे सोलो अल्बमवर ते आलंच नाही. मेडनने ते नव्याने रेकॉर्ड केलं आणि जानेवारी १९९१ मध्ये ते ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. मेडनच्या एवढ्या मोठ्या कारकिर्दीत तिथे पोचलेलं ते एकमेव सिंगल. दरम्यान गिटारवाला ॲड्रियन स्मिथ मेडनमधून बाहेर पडला होता, त्याच्या जागी जॅनिक गर्सची वर्णी लागली. म्हणजे या सोलो उद्योगातलं सगळ्यात चालणारं गाणं बँडने नेलं आणि गिटारवालाही नेला. उरलेलं तुम्ही ऐकलंत.

आता डिकिन्सन मेडन सोडून का गेला, याबद्दल थोडं. मेडन हा स्टीव्ह हॅरिसचा बँड आहे. १९७५ मध्ये पूर्व लंडनमध्ये त्याने तो उभा केला. बेस तो वाजवतो, बहुतेक मोठी गाणी त्याची, आणि गाणं कसं वाजेल याचा शेवटचा शब्दही त्याचा. डिकिन्सन १९८१ मध्ये सॅमसन हा बँड सोडून पॉल डिॲनोच्या जागी आला. पुढच्याच वर्षी 'द नंबर ऑफ द बीस्ट' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि मेडनचा आवाज म्हणजे डिकिन्सनचा आवाज हे जगभर पक्कं झालं. पण आवाज तुझा आणि घर माझं, असा तो संसार होता. १९८६ च्या 'समव्हेअर इन टाइम'साठी त्याने अकूस्टिक गिटारवरची, शांत वळणाची गाणी करून आणली. ती सरळ नाकारली गेली. त्या अल्बमवरची नावं वाचून बघा, एकाही गाण्याखाली डिकिन्सनचं नाव नाही. जगातल्या सर्वात मोठ्या मेटल बँडचा गायक आणि एका अख्ख्या अल्बमवर फक्त दुसऱ्यांचे शब्द गातोय. माझ्या मते १९९३ चं बीज तिथे पडलं, जरी अंकुर फुटायला सात वर्षं लागली.

निघतानाही धड निघाला नाही. जातो म्हणून सांगितलं आणि मग निरोपाचा दौरा केला, जो कुणालाच सुखाचा गेला नाही. तो मन लावून गात नाही, अशी हॅरिसची उघड तक्रार होती. २८ ऑगस्ट १९९३ ला शेवटचा कार्यक्रम झाला तो पाइनवूड स्टुडिओत, कॅमेऱ्यांसमोर. सायमन ड्रेक नावाचा जादूगार मधूनमधून रक्तरंजित प्रयोग करत होता आणि शेवटी त्याने डिकिन्सनला खिळ्यांच्या लोखंडी पेटीत घालून 'मारला'. बारा वर्षांच्या सहवासाचा असा समारोप मला तरी फार केविलवाणा वाटतो, पण चित्रफीत उपलब्ध आहे, उत्सुकता असेल तर बघा.

मग आला 'बॉल्स टू पिकासो', १९९४. बँड सोडल्यानंतरचा हा पहिला खरा अल्बम. आणि तो तीनदा झाला. आधी स्किन या ब्रिटिश बँडच्या मंडळींबरोबर सुरू केला, मोडीत काढला. मग अमेरिकेत कीथ ओल्सन या नामांकित निर्मात्याबरोबर पुन्हा मांडला, तोही बाजूला ठेवला. आपल्याला काय नको हे त्याला नेमकं ठाऊक होतं, काय हवं हे मात्र सापडत नव्हतं. अशात लॉस एंजेलिसमध्ये त्याला रॉय झी भेटला. ट्राइब ऑफ जिप्सीज नावाचा त्याचा लॅटिन रॉक बँड होता, सोबत ढोलकांसारखी हाताने वाजवायची वाद्यं वगैरे. तिसरी खेप या लोकांबरोबर झाली आणि तीच बाजारात आली.

अल्बम ऐकताना ही ओढाताण जाणवते. काही गाणी कुठे चालली आहेत ते त्यांनाच कळत नाही. पण शेवटचं गाणं 'टिअर्स ऑफ द ड्रॅगन' आहे आणि ते एकटं बाकीच्या अल्बमचं ओझं उचलतं. पाण्यात उडी मारायला घाबरणारा माणूस आणि शेवटी लाटेवर स्वतःला सोडून देणं, असा काहीसा त्याचा आशय. बँड सोडतानाच्या भीतीचंच ते गाणं आहे हे सांगायला वेगळा भाष्यकार लागत नाही. मध्येच एक रेगेचा तुकडा येतो, जो मेडनमध्ये कुणी सुचवला असता तर हॅरिसने दार दाखवलं असतं. आपल्याकडे हे गाणं मेडनच्या चाहत्यांपलीकडे पोचलं, त्याचं एक साधं कारण आहे. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत गिटार घेऊन कट्ट्यावर बसणाऱ्या पोरांना मेडनचं एकही गाणं धड झेपायचं नाही. याची सुरुवात मात्र महिनाभर गिटार शिकलेल्यालाही जमते. कोरस गाताना आवाज फाटायचा, पण कट्ट्यावर ते चालतं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात जे झालं ते अल्बमांच्या यादीत कुठेच दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. बोस्नियातल्या युद्धात सारायेव्हो शहराला एप्रिल १९९२ पासून वेढा पडलेला होता. आजूबाजूच्या डोंगरांवरून तोफा आणि नेमबाज, शहरात वीज नाही, पाणी नाही. अशा शहरात जाऊन वाजवण्याचं आमंत्रण डिकिन्सनने स्वीकारलं. सोबत नवी तरुण मंडळी होती: गिटारवर ॲलेक्स डिक्सन, बेसवर ख्रिस डेल, ड्रमवर अलेस्सांद्रो एलेना. मदत पोचवणाऱ्या एका गटाच्या ट्रकमधून, इग्मान डोंगरावरच्या कच्च्या रस्त्याने, रात्री हे लोक आत गेले. शहरातल्या सभागृहात गच्च गर्दीसमोर कार्यक्रम झाला. पुढे वीसेक वर्षांनी बोस्नियातल्याच लोकांनी 'स्क्रीम फॉर मी सारायेव्हो' हा माहितीपट काढला. त्यात त्या रात्रीचे श्रोते बोलतात. विमानं, तलवारबाजी, कादंबऱ्या, रेडिओ अशा दहा उद्योगांत हात घालणाऱ्या या माणसाला मिरवायची हौस दांडगी आहे हे मला मान्य आहे. तरी मेडनच्या लवाजम्यात असता तर विमा कंपनीनेच त्याला तिथे जाऊ दिलं नसतं.

याच तिघांना घेऊन त्याने १९९६ मध्ये 'स्कंकवर्क्स' काढला. लॉकहीड कंपनीच्या गुप्त विमानं बनवणाऱ्या विभागाचं हे टोपणनाव. विमानवेड्या डिकिन्सनला ते बँडचंच नाव म्हणून हवं होतं. रेकॉर्ड कंपनी म्हणाली, मुखपृष्ठावर तुझं नाव नसेल तर विकायचं काय? नाव आलं. निर्माता जॅक एन्डिनो, म्हणजे निर्वाणा या अमेरिकी ग्रंज रॉक बँडचा पहिला अल्बम 'ब्लीच' रेकॉर्ड करणारा माणूस. केस कापले, गाणी आखूड केली, ग्रंजचं माहेर असलेल्या सिएटलचं वारं अंगावर घेतलं. जुने चाहते चिडले, नवे आले नाहीत. मला स्वतःला हा अल्बम लोक म्हणतात तेवढा वाईट वाटत नाही. 'बॅक फ्रॉम द एज' आणि 'इनर्शिया' ही गाणी मी अजून लावतो. पण तुम्ही आत्ता त्याच्या वाटेला जाऊ नका. मेडन नसलेलं काहीतरी व्हायचंच, या हट्टाने केलेला तो अल्बम आहे आणि हट्ट संगीतापेक्षा मोठ्याने ऐकू येतो. तो बँडही लवकरच मोडला.

इथे डिकिन्सन संपला असं बहुतेकांनी धरलं होतं. तिकडे मेडनचीही परिस्थिती बरी नव्हती. ब्लेझ बेली या नव्या गायकाबरोबरचा 'द एक्स फॅक्टर' (१९९५) ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेला, 'व्हर्च्युअल इलेव्हन' (१९९८) सोळाव्यावरच थांबला. बेलीला लोकांनी जेवढं झोडपलं तेवढी त्याची चूक नव्हती, त्याच्या गळ्याच्या पट्टीचा विचार न करता त्याला डिकिन्सनची गाणी गायला लावली. पण तो वेगळा विषय आहे, त्यावर कुणीतरी वेगळा प्रश्न विचारा.

रॉय झीने पुन्हा संपर्क केला तो तयार रिफ, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटी, घेऊन. जड, खालच्या पट्टीत लावलेल्या गिटारी, बिनदिक्कत हेवी मेटल. आणि यावेळी डिकिन्सनने ॲड्रियन स्मिथलाही बोलावून घेतलं, तोच मेडन सोडलेला गिटारवाला. १९९७ चा 'ॲक्सिडेंट ऑफ बर्थ' यातून झाला. मुखपृष्ठ काढलं डेरेक रिग्सने, ज्याने मेडनच्या मुखपृष्ठांवरचा एडी हा भुतासारखा प्राणी जन्माला घातला. त्यावरच्या बाहुल्याचं नाव एडिसन, म्हणजे एडीचा पोरगा. इतका उघड टोमणा मारण्याइतका तो आता निर्धास्त झाला होता. 'डार्कसाइड ऑफ अक्वेरियस', 'मॅन ऑफ सॉरोज', आणि शेवटी 'आर्क ऑफ स्पेस' हे अकूस्टिक गिटारवरचं गाणं. १९८६ मध्ये हाकलून दिलेल्या गाण्यांची जातकुळी अशीच असावी, असं मला ते ऐकताना दर वेळी वाटतं.

आणि मग 'द केमिकल वेडिंग'. माणसं तीच: रॉय झी, स्मिथ, बेसवर एडी कासियास, ड्रमवर डेव्हिड इंग्रॅहम. पण आता डिकिन्सनला विषय सापडला होता: विल्यम ब्लेक. हा अठराव्या शतकातला लंडनचा कवी आणि चित्रकार. पोटासाठी तांब्याच्या पत्र्यांवर नक्षी कोरायची, आणि त्याच पत्र्यांवर ॲसिडने आपल्या कविता आणि चित्रं उमटवायची. देवदूत दिसतात असं सांगायचा, शेजारी वेडा समजायचे. अल्बमच्या मुखपृष्ठावर ब्लेकचंच 'द घोस्ट ऑफ अ फ्ली' हे चित्र आहे. पिसवेचं भूत! मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे आणि उंचीला जेमतेम २१ सेंटिमीटर, शाळेच्या वहीएवढं. अल्बमचं नाव सतराव्या शतकातल्या किमयागारीच्या एका गूढ ग्रंथावरून घेतलेलं. म्हणजे कागदावर हा सगळा प्रकार पदवीच्या प्रबंधासारखा वाटतो. ऐकताना तसं अजिबात होत नाही, कारण पहिल्या सेकंदाला गिटार अंगावर येते.

आवाज इतका जड का, तर काही गिटारींना चक्क बेसच्या जाड तारा चढवल्या होत्या. मेडनमध्ये हॅरिसचा बेस घोड्याच्या टापांसारखा पुढे धावतो आणि गिटारी त्याच्यावर स्वार असतात. इथे उलट आहे. सगळं वजन खाली, खर्जात, आणि त्याच्यावर मोकळ्या जागेत डिकिन्सन उभा. मेडनमध्ये त्याला बहुतेकदा चढ्या पट्टीत, शब्दांच्या गर्दीतून वाट काढत गावं लागतं. हॅरिसची गाणी शब्दांनी ठासून भरलेली असतात. इथे शब्द कमी, ओळी लांब, स्वराला ठहराव. 'बुक ऑफ थेल' ऐका. आठेक मिनिटांचं गाणं, पण तो श्वास कुठे घेतो आणि आवाज कुठे सोडून देतो तेवढंच बघा. 'द टॉवर'मध्ये बेसची एक घुमणारी सुरावट सुरुवातीला येते, आणि मध्यावर रॉय झी आणि स्मिथ आळीपाळीने सोलो वाजवतात. दोघांचे हात किती वेगळे आहेत ते तिथे कळतं.

'जेरुसलेम' या गाण्याबद्दल क्रिकेटवाल्यांना एक सांगायचं आहे. इंग्लंडमधल्या कसोटी सामन्यांत सकाळी खेळ सुरू होताना प्रेक्षक जे 'जेरुसलेम' गातात ते ब्लेकचेच शब्द, ह्यूबर्ट पॅरीने १९१६ मध्ये लावलेल्या चालीवर. डिकिन्सनने ती चाल बाजूला ठेवली, ब्लेकचे शब्द घेतले, त्यात आपल्या ओळी मिसळल्या आणि हळू अकूस्टिक सुरुवातीवरून गाणं थेट गडगडाटात नेलं. ज्या कवितेचं इंग्रजांनी जवळपास राष्ट्रगीत केलं, ती मुळात कारखान्यांच्या धुराला वैतागलेल्या एका बंडखोराची आहे, हे या आवृत्तीत जास्त पटतं. गाण्यांच्या अधेमधे जो घोगरा, नाटकी आवाज ब्लेकच्या ओळी वाचतो तो आर्थर ब्राउनचा, १९६८ च्या 'फायर'वाला, डोक्यावर आग पेटवून गाणारा. शेवटच्या 'द अल्केमिस्ट'च्या अखेरीला शीर्षकगीताचा कोरस परत येतो, त्यामुळे मधलं एखादं गाणं उचलून ऐकण्यापेक्षा अल्बम सलग ऐका. दहाच गाणी आहेत.

१९९८ मध्ये मेडन असं काही करूच शकला नसता. त्या वर्षीचा 'व्हर्च्युअल इलेव्हन' शेजारी लावून बघा. मला वाटतं 'मेडन वजा केलं तर काय उरतं' या तुमच्या शंकेला याहून नेमकं उत्तर नाही.

हे मेडनच्या मंडळींनाही ऐकू गेलं असणार. १९९९ च्या सुरुवातीला डिकिन्सन आणि स्मिथ दोघेही परतले, गर्सलाही ठेवलं, तीन गिटारींचा मेडन झाला आणि २००० मध्ये 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आला. परत आलेला डिकिन्सन मात्र गेलेल्यापेक्षा बरा गातो. हे वैयक्तिक मत आहे, भांडायला यावं.

१ फेब्रुवारी २००८ ला मेडनच्या जागतिक दौऱ्याची सुरुवात मुंबईतून, वांद्रे-कुर्ला संकुलातून झाली. बोइंग ७५७ मधून बँड, माणसं आणि सामान सगळं एकत्र, आणि वैमानिकांच्या खुर्चीत स्वतः डिकिन्सन. मी त्या गर्दीत होतो. ऐंशीच्या दशकातली गाणी एकामागून एक, 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' पूर्ण लांबीचं. सोलो गाणं एकही नाही, आणि ते अपेक्षितच होतं. परतताना कुर्ला स्टेशनच्या वाटेवर कुणीतरी 'टिअर्स ऑफ द ड्रॅगन' सुरू केलं आणि दहा-बाराजणांनी उचललं. बँडने नाही वाजवलं तर आम्ही म्हणू, असा एकूण आविर्भाव होता.

एक अन्याय मला आजही खुपतो. डिकिन्सन मेडनच्या मंचावर बेलीच्या काळातली 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' गायला, आणि उत्तम गायला. त्याच्या गैरहजेरीत जन्मलेल्या गाण्यांना जागा मिळाली. बँडच्या गैरहजेरीत जन्मलेल्या त्याच्या गाण्यांना तिथे जागा नाही.

पुढचं थोडक्यात. 'टिरनी ऑफ सोल्स' (२००५) चांगला आहे, रॉय झी पाठवेल त्या रिफवर डिकिन्सनने मेडनच्या दौऱ्यांतून फिरता फिरता चाली बांधल्या. थोडा घाईचा वाटतो. मग थेट १९ वर्षांनी, मधल्या काळात जिभेच्या कर्करोगातून बरा होऊन, १ मार्च २०२४ ला 'द मँड्रेक प्रोजेक्ट'. तेव्हा तो पासष्टीचा होता. आवाजाला आता कडा आल्या आहेत, वर जाताना खरखर होते, पण 'सोनाटा' या शेवटच्या दहा मिनिटांच्या गाण्यात तो जे करतो ते तिशीतल्या डिकिन्सनला साधलं नसतं.

तर क्रम असा: आधी 'द केमिकल वेडिंग', मग 'ॲक्सिडेंट ऑफ बर्थ', मग 'द मँड्रेक प्रोजेक्ट'. 'बॉल्स टू पिकासो'मधलं शेवटचं गाणं केव्हाही. 'स्कंकवर्क्स' चटक लागल्यावर. 'टॅटूड मिलियनेअर' पुन्हा नाही ऐकलात तरी चालेल.

आणि एक प्रयोग जरूर करा. मेडनच्या २०१५ च्या 'द बुक ऑफ सोल्स'ची सुरुवात होते 'इफ इटर्निटी शुड फेल'ने. ते गाणं डिकिन्सनने मुळात सोलो अल्बमसाठी लिहिलं होतं. हॅरिसला आवडलं आणि १९९० सारखंच मेडनमध्ये गेलं. यावेळी मात्र डिकिन्सनने ते सोडलं नाही. 'द मँड्रेक प्रोजेक्ट'वर 'इटर्निटी हॅज फेल्ड' या नावाने, थोडे शब्द बदलून, त्याने ते परत घेतलं. दोन्ही लागोपाठ लावा. हॅरिस एखाद्या गाण्याचं काय करतो आणि रॉय झी काय करतो, हे दहा-पंधरा मिनिटांत लक्षात येईल. मला सोलोवालं जास्त आवडतं. तुम्हाला कोणतं, ते खाली लिहा.